जोडीजोडीनं इंग्रजी बोलायला लावणं : 'व्हय म्हाराजा'च्या पुढे कसं जायचं?

सुरंगी

दिवाळीनंतर आमच्या वाडीत बायकांसाठी इंग्रजीचा वर्ग सुरू केला. मालवणपासून खाली, तारकर्ली-देवबागच्या पट्ट्यात. मी काही शिक्षिका नाही. मुंबईत बावीस वर्षं नोकरी केली आणि गावी परत आले, एवढंच. पण घरगुती निवास आणि खानावळ चालवणाऱ्या बायका मागे लागल्या, "ताई, तुमी शिकवा." सध्या चौदा जणी आहेत, वय पस्तीस ते अठ्ठावन्न. आपल्याकडे पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं, त्यामुळे ह्या सगळ्या पाचवीत एबीसीडी गिरवलेल्या. बऱ्याच जणींचं शिक्षण दहावीच्या आत सुटलेलं. दुपारचं जेवणखाण आवरलं की चार ते साडेपाच, बालवाडीच्या खोलीत.

मला विचारायचंय ते जोडीतल्या बोलण्याबद्दल. सुरुवातीला मी संवाद लिहून दिले. एक पाहुणी, एक मालकीण. 'गुड मॉर्निंग, वेलकम, हाऊ वॉज युअर जर्नी?' दोघी-दोघी उभ्या राहून म्हणायच्या. आठ दिवसांत सगळं तोंडपाठ. मी खूश. मग एकीच्या घरी खरंच बंगळूरूचं जोडपं आलं आणि त्यांनी विचारलं, 'डू यू हॅव अ केटल?' झालं. ती म्हणाली, "थँक यू, माय जर्नी वॉज गुड."

तिनं दुसऱ्या दिवशी हे हसत हसत सांगितलं, मी मात्र रात्री विचार करत बसले. आपल्याकडे गाऱ्हाणं घालतात तसं माझं चाललं होतं. एक जण म्हणणार आणि बाकीचे 'व्हय म्हाराजा' करणार. 'व्हय म्हाराजा' म्हणायला ऐकावं थोडंच लागतं? दोघींच्या हातात सगळा संवाद आहे, समोरची काय बोलणार ते आधीच ठाऊक आहे, मग कान कशाला उघडे ठेवायचे?

म्हणून तक्ता केला. चार खोल्या, आठवडाभराचं बुकिंग. एकीच्या कागदावर अर्धी माहिती, दुसरीच्या कागदावर उरलेली अर्धी. मधे सूप उभं करायचं, कागद दिसता कामा नये. विचारून विचारून दोघींनी आपापला तक्ता भरायचा. पहिल्या दिवशी ऐकलेलं जसंच्या तसं देते :

"रूम टू, हू?"
"फॅमिली. फोर."
"फोर पीपल. हाऊ मेनी डे?"
"थ्री. नो नो, टू. टू नाइट."
"नाइट टू, डे थ्री?"
"यस! सेम सेम!"

ते 'नाइट टू, डे थ्री?' मी शिकवलेलं नव्हतं, कुठल्या कागदावरही नव्हतं. तिला अडलं म्हणून तिनं विचारलं. माझ्या वर्गात कोणीतरी कोणाला इंग्रजीत खरा प्रश्न विचारला, तो हा पहिला.

आता अडचणी. एक, दोघी-तिघी तोंडच उघडत नाहीत. दोन, चुका होतात त्यांचं काय करायचं? तीन, वर्गात दोन सख्ख्या जावा आहेत. सामायिक बागेवरून चार वर्षं एकमेकींशी बोलत नाहीत. चौदा बायकांत जोड्या लावताना त्यांना किती दिवस लांब ठेवू?

---

चाकरमानी

वाचतोय. एक बाळबोध प्रश्न. तुम्ही पाठ फिरवलीत की त्या सरळ मालवणीत विचारून तक्ता भरून मोकळ्या होत नाहीत?

---

सुरंगी

होतात की! पाठ फिरवायचीही गरज नाही. पहिल्यांदा मी एक रुपया दंड ठेवला. तर एका जोडीनं दहा-दहा रुपये आगाऊ डब्यात टाकले आणि निवांत मालवणीत बसल्या. "दंड भरलंव ना आमी?" बंद केला तो प्रकार.

आता तयारीला मालवणी चालते. सूप उभं राहिलं की इंग्रजी नाहीतर हातवारे. आणि वेळ तीनच मिनिटं. आधी दहा देत होते, तिथेच चुकत होतं. दहा मिनिटं परक्या भाषेत तग धरणं ह्या पायरीवर जमत नाही. आणि फळ्यावर प्रश्नांच्या सुरुवाती लिहून ठेवते : हू, व्हेन, हाऊ मेनी, हाऊ मच. डोळ्यासमोर खुंटी असली की हात जातो.

---

जांभा

मी रत्नागिरी जिल्ह्यात हायस्कुलात एकतीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झालो. उत्साहाचं कौतुक आहे, पण स्पष्ट लिहितो. 'हाऊ मेनी डे', 'टू नाइट' हे चूक आहे, आणि तुम्ही ते चौदा जणींत वाटताय. एकीची चूक दुसरी उचलणार, दुसरीची तिसरी. घर बांधताना आधी पायाला चिरा बसवतात, मग कौलं चढतात. आधी एकवचन-अनेकवचन, टू बी, टू डू, साधा वर्तमान हे पक्कं करा. बोलणं मागाहून येईल.

---

रापण

जांभा सर, ही शंका तुमच्या एकट्याची नाही. आपल्याच देशातल्या एका मोठ्या माणसाचीही होती. इंग्रजी अध्यापनातले तज्ज्ञ एन. एस. प्रभूंनी १९७९ ते १९८४ दक्षिण भारतात, मुख्यतः बंगळूरू आणि मद्रासकडच्या साध्या शाळांमध्ये, एक प्रयोग चालवला. व्याकरणाचे धडे बाजूला ठेवून मुलांना फक्त कामं द्यायची : वेळापत्रक वाचून गाडी शोधा, नकाशावरून रस्ता सांगा, नियम बघून ठरवा. भाषा त्या ओघात येईल. सुरंगीताई, तुमचा अर्धा-अर्धा तक्ता म्हणजे त्यांनी ज्याला माहितीतली तफावत म्हटलं तेच. तर्काची तफावत (दिलेल्या माहितीवरून अनुमान काढायचं) आणि मताची तफावत (आपापलं मत सांगायचं) हे त्यांचे आणखी दोन प्रकार.

पण गंमत अशी की हेच प्रभू जोडीकामाचे फारसे चाहते नव्हते. नवशिकी मुलं एकमेकांशीच बोलत राहिली तर मोडकी भाषाच पक्की होईल ही त्यांची भीती. म्हणून ते आधी एक काम शिक्षकानं सगळ्या वर्गाबरोबर मोठ्यानं सोडवायचं, मग तसंच दुसरं मुलांनी आपापलं करायचं, असा क्रम ठेवत.

उलट बाजूनं, १९८५ साली लाँग आणि पोर्टर ह्या दोन संशोधकांनी तोवरचा अभ्यास एकत्र मांडला. त्यातून दिसलं की शिकणारे एकमेकांशी बोलताना, इंग्रजी मातृभाषा असलेल्या माणसाशी बोलताना करतात त्याहून जास्त चुका करत नाहीत. वर अर्थाची उलटतपासणी, म्हणजे 'काय म्हणालीस?', 'म्हणजे तीन का दोन?' हे जोडीत जास्त होतं. तुमचं 'नाइट टू, डे थ्री?' त्यातलंच.

माझं मत विचाराल तर दोन्ही घ्या. पहिला तक्ता फळ्यावर तुम्ही सगळ्यांबरोबर भरा. त्यात 'नाइट्स' मधला स त्यांच्या कानावर दहा वेळा पडू द्या. मग दुसरा तक्ता जोड्यांना.

---

जांभा

प्रभूंचं नाव ऐकून होतो, हा तपशील माहीत नव्हता. पण म्हणजे माझंच म्हणणं त्यांनीही केलं की.

---

रापण

अर्धं. पाया पक्का होईपर्यंत तोंड उघडू नका, हे त्यांनी कुठे म्हटलं नाही. :)

---

झेडपीवाली

मी दापोली तालुक्यात द्विशिक्षकी शाळेत आहे. पट सतरा, तिसरी-चौथी एका खोलीत. माझ्याकडे सुपाऐवजी दप्तरं उभी राहतात.

मुलांना चित्रातले फरक फार आवडतात. एकच घर, दोन चित्रं. एकात विहिरीवर रहाट, दुसऱ्यात पंप. एकात माडावर तीन नारळ, दुसऱ्यात पाच. 'माय पिक्चर, थ्री कोकोनट. युअर?' असं सहा फरक सापडेपर्यंत. आणि सापडलेला फरक त्यांना इतका आपला वाटतो की सांगितल्याशिवाय राहवत नाही, मग इंग्रजी कसंही का असेना.

मला सगळ्यात उशिरा कळलेली गोष्ट सांगते. हुशार आणि कच्चं अशी जोडी लावली की हुशारच बडबडतं, कच्चं मान डोलावतं. आधी वाटायचं की जोडीच चुकली. मग कळलं, कागद चुकीच्या हातात देत होते. माहितीचा कागद कच्च्या मुलाकडे द्यायचा आणि कोरा हुशाराकडे. आता हुशाराला विचारत बसावं लागतं आणि कच्च्यानं तोंड उघडल्याशिवाय गाडी हलत नाही. कच्च्यानं 'रेड' एवढंच म्हटलं तरी चालतं, कारण ते 'रेड' त्या क्षणी फक्त त्यालाच माहीत असतं. तुमच्या न बोलणाऱ्या दोघी-तिघींवर हे करून बघा.

तक्रार एकच. आवाज. एकदा वरचे साहेब तपासणीला आले आणि दारातूनच म्हणाले, "बाई, वर्गात मासळीबाजार भरलाय की काय?" मी म्हटलं, हो साहेब, आज तोच धडा आहे. खरंच होता. बांगडा कितीला, सुरमई कितीला.

---

तिरफळ

हर्णैचा लिलाव ऐकलेल्या माणसाला सतरा पोरांचा आवाज म्हणजे काहीच नाही. त्या साहेबांना एकदा पहाटे तिकडे न्या.

मीही एक छोटा निवास चालवतो, वेंगुर्ल्याच्या अलीकडे. गिऱ्हाइकाच्या बाजूनं सांगतो. पुणे-कोल्हापूरचे पाहुणे मराठीत बोलतात, बरेचसे हिंदीत भागवतात. इंग्रजीशिवाय इलाज नाही असे माझ्याकडे महिन्याला दोन-तीन येतात. पण गंमत अशी की समोर उभ्या माणसाशी हातवारे करून निभतं, मरण होतं ते फोनवर. फोनवर हात दिसत नाहीत. बायको फोन उचलते आणि 'वन मिनिट' म्हणून माझ्याकडे धावत येते. मी खाडीवर असलो तर बुकिंग गेलं.

तर सूप काढा आणि दोघींना पाठीला पाठ लावून बसवा. मी घरी बायकोशी हे केलं (मुलं हसून हसून लोळली). चेहरा दिसत नाही म्हटल्यावर आवाज आपोआप मोठा आणि सावकाश होतो. आणि आकडे घ्या, आकडे! 'फिफ्टीन हंड्रेड' म्हणाली का 'फिफ्टी'? 'थर्टीन' तारीख का 'थर्टी'? आमच्याकडे एकदा तेराला यायचे ते तीसला येणार असं लिहिलं गेलं. खोली दुसऱ्याला दिलेली. फोन नंबर लिहून घेणं हाही मोठा सराव आहे. 'डबल नाइन' ऐकलं की ती एकच नऊ लिहायची.

आणि माशांची नावं शिकवताना बोंबलाला जपून. 'बॉम्बे डक' म्हटल्यावर माझ्या एका पाहुण्यानं बदक नको म्हणून सांगितलं होतं.

---

सुरंगी

तिरफळदादा, पाठीला पाठ उद्याच करते. जांभा सर, तुमचं म्हणणं पटत नाही असं नाही, पण एक हिशोब सांगते. नव्वद मिनिटांच्या वर्गात मी पंचेचाळीस मिनिटं बोलले आणि उरलेल्यात एकेकीला उठवून बोलायला लावलं, तर प्रत्येकीच्या वाट्याला येतात जेमतेम तीन मिनिटं. उठणं-लाजणं-बसणं धरून. तीच पंचेचाळीस मिनिटं जोड्यांना दिली तर प्रत्येकीला वीसेक मिनिटं बोलायला आणि तितकीच ऐकायला मिळतात. ह्या बायका संध्याकाळी घरी जाऊन कोणाशी इंग्रजी बोलणार? जे काय ते इथेच.

चुका मी बोलता बोलता टोकत नाही. फिरत राहते, वहीत टिपते. शेवटी पाच वाक्यं फळ्यावर, कोणाची ते न सांगता. ती दुरुस्त त्याच करतात. त्यातही मजा येते, कारण जिची चूक तिला बरोबर कळतं आणि ती सगळ्यात आधी ओरडते.

आणखी एक, ज्याचा मला फार उपयोग झाला. आधीच येणारे इंग्रजी शब्द काढा म्हटलं. बुकिंग, रूम, चार्जिंग, टँकर, कुकर, मेनू, बिल, सीझन... फळा भरला, शंभरच्या वर गेले. 'माका इंग्लिश येणा नाय' म्हणणाऱ्या ह्या बायका. काजू, पाव आणि चावीही कोणीतरी इंग्रजी म्हणून लिहवली. ते पोर्तुगीजांचे, हापूससारखेच. पण ते वादात कशाला घालवा, मी शेजारी वेगळी रांग केली आणि तिला 'गोवा' नाव दिलं.

---

चाकरमानी

मी दशावतार बघत वाढलेला माणूस, तर एक सुचवतो. दशावतारी नटांना लिहिलेले संवाद नसतात. आख्यान ठाऊक असतं, कोण राजा कोण राक्षस ते ठरतं, पुढचं रंगमंचावर उभं राहून हजरजबाबी. समोरचा काय टाकेल ते माहीत नसतं, म्हणूनच रात्रभर बसायला मजा. तुमच्या बायकांनी हे लहानपणापासून पाहिलंय. त्यांना संवाद न देता नुसतं आख्यान द्या. एकीच्या चिठ्ठीत : 'तुम्हाला दोन रात्री खोली हवी, सोबत कुत्रा आहे, कुत्र्याचं विचारल्याशिवाय सांगू नका.' दुसरीच्या चिठ्ठीत : 'खोली आहे, जनावर चालत नाही, मागे एकानं गादी फाडली.' लावा झुंज.

---

तिरफळ

किंवा भजनाची डबलबारी. दोन बुवा समोरासमोर. :D

---

रापण

हे छान आहे, पण अगदी नवख्यांना थेट देऊ नका. आधी दोन्ही पाहुण्यांना एका बाजूला, दोन्ही मालकिणींना दुसऱ्या बाजूला बसवा. काय विचारायचं, काय सांगायचं ते आपापल्या गोटात मालवणीत ठरवू द्या, लागणारे शब्द तुमच्याकडून घेऊ द्या. पाच मिनिटं. मग जोड्या मोडून समोरासमोर. अजून एक, तोच प्रसंग तीन वेगवेगळ्या जोडीदारणींबरोबर करा आणि दर वेळी वेळ कमी करा. तिसऱ्यांदा अडखळणं कमी झालेलं तुम्हालाच ऐकू येईल. जोडीदारीण नवी असते, त्यामुळे कंटाळा येत नाही. बोलायचं मात्र तेच असतं, म्हणून जिभेला वळण लागतं.

---

सुरंगी

(तीन आठवड्यांनी)

उशीर झाला, सीझन होता. सगळ्यांचे प्रयोग केले, थोडक्यात लिहिते.

कागद उलटे द्यायची झेडपीवालीताईंची युक्ती रामबाण. गप्प बसणाऱ्यांपैकी एक आता बोलते. दुसरी अजून नाही. ती ऐकते, सगळं कळतं, तक्ता बरोबर भरते, पण तोंडातून शब्द नाही. मी तिला सोडून दिलंय. बोलेल तेव्हा बोलेल. तिसरी वर्गच सोडून गेली. तिला मी जास्त दामटलं असावं, ही माझी चूक.

तीन जोडीदारणींचं मी फुगडीसारखं केलं. दोन रांगा समोरासमोर, टाळी वाजली की एक रांग एकीनं सरकते. तेरा जणी झाल्या की उरलेली एक पंच होते आणि मालवणी शब्द मोजते. पंच व्हायला सगळ्यांना आवडतं.

कुत्र्याचा प्रसंग तर वर्षभर आठवेल. एका मालकिणीनं सगळं विचारलं, माणसं किती, रात्री किती, मासे खाता का. कुत्र्याचं राहिलं. पाहुणी खोलीत शिरल्यावर म्हणते, 'अँड माय डॉग.' मालकीण दोन क्षण गप्प. मग म्हणाली, 'डॉग, एक्स्ट्रा बेड, फाइव्ह हंड्रेड.'

आणि त्या जावा. रांग सरकवताना मी हिशोब चुकले आणि त्या समोरासमोर आल्या. खोलीत एकदम शांतता. मी टाळी वाजवून पुढे सरकवणार इतक्यात धाकटी कागदात बघत म्हणाली, 'गुड इव्हनिंग. हाऊ मेनी पीपल?' थोरली म्हणाली, 'टू पीपल. वन नाइट. हॉट वॉटर?' आणि तीन मिनिटं पूर्ण केली, शेवटी थँक यूसकट. बाहेर पडल्यावर दोघी आपापल्या पाखाडीनं गेल्या, मागे वळून बघितलंही नाही. तेव्हापासून वर्गात त्यांची जोडी लागते. अबोला मराठीत आहे, इंग्रजीत तसं काही ठरलेलं नाही.

---

चाकरमानी

शेवटचं वाक्य फ्रेम करून ठेवतो. सामायिक बागेचा सातबाराही इंग्रजीत काढून द्या, बघा काय होतं.

---

जांभा

वाचून बरं वाटलं. पण माझा प्रश्न तिथेच आहे. त्या 'हाऊ मेनी डे'चं पुढे काय झालं?

---

सुरंगी

सर, खोटं सांगत नाही. रापणदादांच्या क्रमानं आधी फळ्यावर सगळ्यांबरोबर केलं, शेवटी दुरुस्तीही करतो. आठ जणी आता 'डेज' म्हणतात. चार जणी अजून 'डे'. आणि एकीला तो स इतका आवडलाय की ती सगळीकडेच लावते. 'वन डेज', 'माय हजबंड्स इज फिशिंग'. नवरा एकच आहे तिला.

---

जांभा

हाहा. तिला माझ्याकडे पाठवा. नाही, असं करा, मी मे महिन्यात मालवणला मुलीकडे येतोय. दोन दिवस वर्गात बसू का? एखाद्या जोडीत कमी पडत असेल तर मला घ्या. पाहुणा होईन, कुत्र्यासह.

---

झेडपीवाली

सुरंगीताई, तक्त्याचा आणि कुत्र्याच्या चिठ्ठ्यांचा फोटो टाका ना. मला चौथीसाठी बदलून घ्यायचेत.

---

सुरंगी

सर, जरूर या. एक्स्ट्रा बेड फाइव्ह हंड्रेड.

फोटो उद्या टाकते. दुपारपासून लाइट नाही आणि मोबाइल बारा टक्क्यांवर आहे.